नंदादीप, मेंढ्या आणि भात

आपल्याला नको असलेली वस्तू देऊन हवी असलेली मिळवावयाची, हे वस्तुविनिमयाचे सर्वांत साधे रूप होय. जुने जरीचे लुगडे बोहारणीला देऊन पातेले घेणारी गृहिणी हेच करते. परंतु लुगड्याचे मोल पातेल्यात कसे मोजावे, हे दर वेळी घासाघीस करूनच ठरवावे लागते. हीच अडचण मोठ्या प्रमाणावर कशी सोडविली गेली, ते तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर वाचावयास मिळते.

चोळ राजा पहिला राजराज याने बांधविलेले हे मंदिर इ. स. १०१० मध्ये पूर्ण झाले. तेथील तमिळ शिलालेखांत नंदादीपांसाठी दिलेल्या जनावरांची नोंद आहे. गुराख्याने जनावरे स्वीकारावयाची आणि त्यांच्या मोबदल्यात प्रत्येक दिव्यासाठी रोज एक उळक्कु तूप मंदिरात पोचवावयाचे, असा हा करार होता. एका दिव्यासाठी ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी लागत. म्हणजे एक गाय दोन मेंढ्यांबरोबर आणि एक म्हैस तीन गाईंबरोबर मानली जाई. दर एकदा ठरला की मिश्र कळपही चाले. घासाघिशीचे कारण उरत नसे.

नाणे नव्हते म्हणून हे घडत होते, असे मात्र नाही. गणपतीला रोज १५० केळी वाहण्यासाठी ३६० काशु तंजावरच्या व्यापाऱ्यांकडे ठेव म्हणून दिले होते. दर काशुमागे वर्षाला एक अष्टमांश काशु व्याज, म्हणजे एकूण ४५ काशु. एका काशूस १२०० केळी या दराने ३६० दिवसांची ५४,००० केळी त्यात बरोबर बसतात. मंदिराच्या सेवेतील ४०० नर्तकींना मात्र प्रत्येकी वर्षाला १०० कलम भात मिळे. दोन कलम भात म्हणजे एक काशु हा दर असल्याने भात आणि नाणे ही एकाच हिशेबाची दोन अंगे झाली होती. तंजावरात भाताचे हे स्थान दीर्घकाळ टिकले. १९५२ च्या कायद्यानेही तेथील पण्णैयाळ शेतमजुरांची मजुरी भाताच्या मापांतच ठरवून दिली.

या व्यवस्थेत जोखीम कोणाची, हा प्रश्न उरतो. चोळकालीन लेखांत दिव्यासाठी दिलेल्या मेंढ्यांना ‘न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या’ म्हटले आहे. मेंढ्या अर्थातच मरत. परंतु करारातील त्यांची संख्या कायम राही. साथीत कळप घटला तरी तुपाचे माप घटत नसे आणि ती तूट गुराख्याच्या माथी येई. मोलाचे कोष्टक ठरल्याने देवघेव सुकर होते. पण नुकसान कोणी सोसावयाचे, हेही त्याच कोष्टकात ठरून जाते.