खर्ज सांभाळणारे हात



गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी दुसऱ्या मिस्साच्या वेळी अर्पणाचे गीत सुरू झाले आणि आम्हांला वेदीवर उभे असताना वाटले की, आज बास गिटार फारच मोठ्याने वाजते आहे. मिस्सा संपल्यावर आम्ही ती वाजवणाऱ्या मुलाला सर्वांसमोर बोललो. पुढच्या रविवारी त्याने गिटार पिशवीतून बाहेर काढलीच नाही. तो मागच्या बाकावर बसून राहिला. त्या दिवशी गाणी नेहमीची होती, गायकवृंद तोच होता, कीबोर्ड आणि ड्रमही होते. पण तिसऱ्या कडव्यापर्यंत ड्रम पुढे पळाला, गायकवृंद मागे राहिला आणि लोकांनी गाणे सोडून दिले. मिस्सानंतर एका आजींनी विचारले, "फादर, आज गाण्याला काय झालं होतं? पोकळ पोकळ वाटत होतं." आजींना बास गिटार म्हणजे काय हे ठाऊक नाही. पण जे नव्हते ते त्यांच्या कानाने बरोबर हेरले.

संध्याकाळी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. तो म्हणाला, "फादर, आवाज मी वाढवला नव्हता. स्पीकर फाटलाय, म्हणून तो भसाभसा वाजतो. आणि माइक करंट मारतो, हे मी तुम्हांला दोनदा सांगितलं होतं." त्याने खरोखरच सांगितले होते. आम्ही त्याला पायात चप्पल घालायला सांगितले आणि विषय विसरून गेलो. म्हणून आजचा अभ्यास या वाद्याविषयी, ते वाजवणाऱ्या हौशी मुलामुलींविषयी आणि त्या सामानाच्या निगेविषयी आहे.

१. बास काय करतो?

आपल्या संगीतात खालच्या सुरांना खर्ज म्हणतात. तबल्याच्या जोडीत डग्गा जे काम करतो, घुमटाचा खोल आवाज मांडोच्या गाण्याला जो आधार देतो, तेच काम बँडमध्ये बास गिटार करते. तिला साधारणपणे चार तारा असतात. सर्वांत जाड तार ई, मग ए, डी आणि जी. साध्या गिटारीच्या खालच्या चार तारांचीही हीच नावे आहेत, पण बासचे सूर त्यांच्यापेक्षा बरोबर एक सप्तक खाली असतात. गिटारीची जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, तर बासची सुमारे ४१ वेळा.

कीबोर्ड कॉर्ड धरतो तेव्हा त्या कॉर्डचा मूळ स्वर बास देतो. ड्रमरच्या पायाखालचा मोठा ढोल ज्या क्षणी वाजतो, त्याच क्षणी बासचा सूर पडला की ताल आणि सूर एकमेकांना बांधले जातात. गाणाऱ्याला आपण कोठे उभे आहोत हे त्यामुळे कळते. इमारतीचा पाया कोणी पाहत नाही, पण भिंतीला तडा गेला की सर्वांना पाया आठवतो. बासचेही तसेच आहे.

२. हे वाद्य कोठून आले?

पूर्वी हे काम डबल बास करीत असे. ते माणसाएवढे उंच, उभे धरून वाजवायचे लाकडी वाद्य. ते नेणे-आणणे अवघड, आणि मोठ्या आवाजाच्या बँडमध्ये ते ऐकूही येत नसे. अमेरिकेत सिॲटल येथील पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकात आडवे धरण्याचे विजेवरील बास तयार केले होते, पण त्याचा फारसा प्रसार झाला नाही. १९५१ साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बास' बाजारात आणला. त्याच्या दांड्यावर फ्रेट, म्हणजे धातूच्या पट्ट्या होत्या. त्यामुळे सूर नेमका लागू लागला, आणि नावातही तोच नेमकेपणा आहे.

आपल्याकडे हे संगीत आले त्यात चर्चचा मोठा वाटा आहे. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. तेथे शिकलेले अनेक वादक पुढे मुंबईच्या सिनेमासंगीतात आले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) यांचे वडील तेथील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. अँथनी मुंबईत व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक झाले. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील प्रसिद्ध गाण्यात येणारे नाव या गुरूचेच आहे. राहुल देव बर्मन यांच्या वादकांत टोनी वाझ बास वाजवीत. त्यांचे सूर आपण सर्वांनी ऐकले आहेत, नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. आणि हे केवळ मुलांचे वाद्य आहे असे कोणी समजू नये. मुंबईत १९९६ साली जन्मलेली मोहिनी डे लहानपणी वडिलांकडून बास शिकली आणि आज जगभर वाजवते.

काही वडीलधारी मंडळी विचारतात, "चर्चमध्ये गिटार कशाला?" प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयी जो दस्तऐवज दिला, त्यात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान आहे. इतर वाद्यांनाही धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वाव आहे, मात्र ती पवित्र कार्याला साजेशी असली पाहिजेत आणि त्यांनी भाविकांच्या भक्तीला साहाय्य केले पाहिजे. तेव्हा प्रश्न वाद्य कोणते हा नसून, ते कसे वाजते हा आहे.

३. वाजवण्याची शिस्त

ॲरिस्टॉटल या तत्त्वज्ञाने नीतीविषयी लिहिताना वीणा वाजवणाऱ्याचा दाखला दिला आहे. वाजवता वाजवताच माणूस वादक होतो. मात्र वाईट सवयीने वाजवत राहिला तर वाईट वादक होतो. सद्गुणाचेही तसेच आहे, असे त्याचे म्हणणे. सेमिनरीत आम्ही हे पाठ केले होते. कळले मात्र युवकांच्या सरावाला बसल्यावर.

नव्याने शिकणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली, आधी मूळ स्वर. प्रत्येक कॉर्डचा मूळ स्वर वेळेवर पडेपर्यंत नक्षीकामाच्या मागे लागू नका.

दुसरी, तर्जनी आणि मधले बोट आळीपाळीने वापरा, आणि जी तार वाजवायची नाही ती हाताने दाबून गप्प ठेवा. बासमध्ये थांबवलेला सूर वाजवलेल्या सुराइतकाच महत्त्वाचा आहे.

तिसरी, घरी मेट्रोनोम लावून संथ लयीत सराव करा. संथ लयीत चूक लपत नाही.

चौथी, गाणाऱ्यांचे शब्द ऐकू येतील एवढाच आवाज ठेवा. ॲम्प्लिफायर कोपऱ्यात भिंतीला टेकवला की खालचे सूर घुमतात. तो भिंतीपासून पुढे ओढून स्टुलावर ठेवला, तर आवाज न वाढवताही सूर स्पष्ट होतो. आपण वेदीवरून जे मोठे ऐकले, त्यात हा कोपराही होता.

४. सामानाची निगा

आपल्या बासचे नुकसान कसे झाले ते सांगतो, कारण त्यात आमचीच चूक जास्त आहे. बाससाठीचा ॲम्प्लिफायर नाही म्हणून आम्ही साध्या गिटारीचा छोटा ॲम्प्लिफायर दिला. खालच्या सुरांना स्पीकरचा पडदा पुष्कळ मागेपुढे हलावा लागतो. गिटारीचा स्पीकर त्यासाठी बनवलेला नसतो, आणि शेवटी पडदा फाटतो. बास ॲम्प्लिफायर नसेल तर कीबोर्डचा वापरावा, किंवा 'डी. आय. बॉक्स' लावून आवाज थेट मिक्सरला द्यावा.

दुसरी चूक म्हणजे बास आम्ही ओल येणाऱ्या भिंतीजवळच्या कपाटात ठेवला. चार तारांचा मिळून ताण सुमारे ७० ते ८० किलो असतो. तो सतत दांड्याला वाकवू पाहतो. दांड्याच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते, ती या ताणाला तोलून धरते. पावसाळ्यात लाकूड दमट हवा शोषते, तोल बिघडतो, तारा उंच होतात आणि बोटे दुखू लागतात. तपासण्याची सोपी रीत अशी: तार पहिल्या फ्रेटवर आणि दांडा जिथे धडाला मिळतो तिथे दाबा. मधोमध तार आणि फ्रेट यांत व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढीच फट असावी. फट जास्त असेल तर सळई एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. जाणकाराकडून करून घेतलेले बरे.

रोजची निगा मात्र सर्वांना जमते. वाजवून झाले की कोरड्या कापडाने तारा पुसा, घामातील मिठाने त्या गंजतात. तारा बदलताना एकेक बदला, म्हणजे दांड्यावरचा ताण एकदम जात नाही. नवा संच परवडत नसेल तर जुन्या तारा काढून पाण्यात उकळतात, त्याने मळ निघून आवाज काही दिवस उजळतो. मात्र पूर्ण कोरड्या करूनच पुन्हा लावाव्यात. दांड्याला खोबरेल तेल लावू नये, ते चिकटते आणि धूळ धरते. ज्या बासमध्ये बॅटरी असते, त्याची वायर वाजवून झाल्यावर काढून ठेवावी, नाहीतर बॅटरी उतरत राहते. वायर कोपराभोवती पिळून गुंडाळू नये, आतली तार तुटते. लोकलमधून नेताना पिशवी पाठीवर न ठेवता पुढे उभी धरावी. दाराच्या दांड्याला वाद्याचे डोके आपटले तर सूर उतरतात, आणि कधी वाद्यच मोडते.

सामान जमिनीवर ठेवू नये. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याणपासून बदलापूरपर्यंत पाणी भरले होते, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. वालधुनी आपल्या शहरातूनच वाहते. उंच फळी आणि सिलिका जेलच्या चार पुड्या एवढा खर्च कोणत्याही मंडळाला जड नाही.

५. करंट मारणारा माइक

हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. बासच्या तारा वायरमधून ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. माइक दुसऱ्या बोर्डावर असेल आणि एकीकडचे अर्थिंग तुटलेले असेल, तर हात तारेवर आणि ओठ माइकवर टेकताच वीज शरीरातून जाते. ब्रिटनमधील 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी स्वान्सी येथे कार्यक्रमाच्या वेळीच मरण पावला. अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता. तो सत्तावीस वर्षांचा होता.

आम्ही इलेक्ट्रिशियनला बोलावले तेव्हा आपल्या हॉलच्या एक्स्टेन्शन बोर्डात अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. घरघर येते म्हणून कोणीतरी ॲम्प्लिफायरच्या प्लगची वरची जाड पिनही काढून टाकली होती. घरघर थांबवण्यासाठी ती पिन कधीही काढू नये. त्यासाठी डी. आय. बॉक्सवर वेगळे बटण असते. सर्व सामान अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर जोडावे, आणि हॉलच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवावा. तो आता आपण बसवला आहे. मंडपात वाजवताना तर आधी तपासल्याशिवाय कोणीही तारेला हात लावू नये. माइक करंट मारतो असे कोणी सांगितले, तर चप्पल घाल म्हणू नये. मुख्य स्विच बंद करावा.

६. राखण कोणाची?

संत पौलाने करिंथकरांना लिहिताना शरीराचे उदाहरण दिले आहे. जे अवयव दुर्बळ वाटतात तेही आवश्यक असतात, आणि एक दुखला की सर्व दुखतात. बास वाजवणारा मुलगा पुढे उभा नसतो, त्याचे नाव घेतले जात नाही, टाळ्या गाणाऱ्याला मिळतात. निदान त्याच्या हातातले वाद्य नीट असावे आणि त्याच्या जिवाला धोका नसावा, ही जबाबदारी त्याची एकट्याची नाही. वाद्य धर्मग्रामाचे आहे, म्हणून राखणही धर्मग्रामाची, आणि त्यात पहिला क्रमांक आमचा. आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली. ज्यांच्यासमोर बोललो होतो, त्यांच्यासमोरच मागितली.

आता सामानाची एक वही केली आहे. कोणी काय नेले, काय बिघडले, केव्हा दुरुस्त झाले, हे तीत लिहायचे. दर सरावाला सुरुवातीची पाच मिनिटे वायर, प्लग आणि तारा तपासायला द्यायची.

दुरुस्ती झाल्यावरच्या रविवारी बास पुन्हा वाजला. लोक शेवटच्या कडव्यापर्यंत गायले. आजी भेटल्या, प्रकृतीची विचारपूस केली, गाण्याविषयी काहीच बोलल्या नाहीत. मुलाने आमच्याकडे पाहिले आणि तो हसला.

घरी चर्चेसाठी

१) आपल्या घरात किंवा मंडळात 'खर्जाचे' काम कोण करते? त्या व्यक्तीला आपण शेवटचे धन्यवाद केव्हा दिले?

२) लहानाने दोनदा सांगूनही आपण दुर्लक्ष केले, अशी एखादी गोष्ट आठवते का? ती आज दुरुस्त करता येईल का?

३) सर्वांच्या मालकीच्या वस्तूची निगा आपण आपल्या वस्तूइतकी ठेवतो का?