कपिंगचे पैसे नेमके कशाचे?

हात खांद्यातून वर जात नाही म्हणून फिजिओथेरपिस्टकडे गेलात आणि त्यांनी कपिंग सुचवलं, तर आधी एवढंच विचारा: कप लावून हालचाल करून घेणार का? नुसतं पालथं झोपवून कप लावणार असतील, तर त्याचे वेगळे पैसे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

खांद्यामागे थोडं तेल लावून दोन-तीन प्लास्टिकचे कप ठेवतात आणि हातपंपाने हवा खेचतात. कातडी कपात टम्म वर येते. ताण जाणवतो, पण कळ येता कामा नये. आली तर लगेच सांगा, हवा सोडता येते. कप तसेच ठेवून हात हळूहळू वर न्यायचा, खाली आणायचा, पाठीमागे वळवायचा. पाच-सात मिनिटं पुरतात. कप काढले की खांद्याच्या स्नायूंचे व्यायाम, कारण आलेला मोकळेपणा फार टिकत नाही आणि तेवढ्या वेळात व्यायाम साधून घ्यायचा असतो. नुसत्या कपिंगने जुनं दुखणं कायमचं जातं, याला भक्कम पुरावा नाही.

पुण्या-मुंबईत फिजिओथेरपीच्या एका बैठकीला ढोबळमानाने ५०० ते १००० रुपये पडतात आणि कपिंगचे २०० ते ५०० वर. घरी बोलावलं तर येण्याजाण्याचे वेगळे. दहा बैठकांचं पॅकेज आगाऊ घेऊ नका. तीन-चार बैठकांत हात आधीपेक्षा वर जात नसेल, तर उपचार बदलायला हवा. नेहमीच्या आरोग्य विम्यात हा ओपीडीचा खर्च सहसा बसत नाही, तरी पावती घ्याच. स्पामध्ये जीएसटी धरून याहून जास्त मोजाल आणि व्यायाम शिकवणारं तिथे बहुधा कुणी नसतं.

फिजिओथेरपिस्टची महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोचू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पायाच्या शिरा फुगल्या असतील, त्वचेवर जखम किंवा पुरळ असेल, गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. हातापायाला मुंग्या, बधिरपणा किंवा ताप असेल, तर कपिंगचा विचार बाजूला ठेवून थेट तपासणी करून घ्या. चिरा देऊन रक्त काढणारी हिजामा ही वेगळी पद्धत. तिथे प्रत्येकाला नवं, निर्जंतुक पातं हवंच.

कपांमुळे उठलेले गोल लाल-जांभळे डाग आठवड्या-दोन आठवड्यांत जातात. ते असेपर्यंत त्याच जागी पुन्हा कप लावू देऊ नका.