पंधरा मालिका, नऊ बरोबर : एनबीएच्या वहीतून स्टॉकचा अंदाज

परवाच्या व्हिडिओत मी हातात एक दोनशे पानी वही धरली होती आणि सांगितलं होतं की ही दुकानाच्या हिशोबाची नाही, बास्केटबॉलच्या अंदाजांची आहे. तिथे वेळ संपला. म्हणून आज ती वही इथे उघडतोय.

माझं कल्याणला शाळेची दप्तरं, छत्र्या आणि रेनकोटचं दुकान आहे, हे जुन्या मंडळींना माहीत आहेच. आमच्या धंद्यात एप्रिल-मे म्हणजे परीक्षा. पाऊस यायच्या आधी ठरवायचं की किती माल उचलायचा. आणि नेमकं त्याच काळात अमेरिकेत एनबीएचे प्लेऑफ सुरू असतात. मित्र रात्री आयपीएल बघून झोपतात आणि मी पहाटे साडेपाचला उठून एनबीए बघतो. बायको म्हणते, दुकान उघडायला कधी एवढ्या लवकर उठला नाहीत! असो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक संघ वर्षभर ८२ सामने खेळतो. त्यातून १६ संघ प्लेऑफला पोहोचतात. मग चार फेऱ्या, एकूण १५ मालिका, आणि प्रत्येक मालिका जास्तीत जास्त सात सामन्यांची. आधी चार जिंकेल तो पुढे. वरच्या क्रमांकाच्या संघाला पहिले दोन सामने घरच्या मैदानावर मिळतात, आणि सातव्यापर्यंत गेलंच तर तोही घरीच. तर माझ्यासारखा चाहता काय करतो? मालिका सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवतो : कोण जिंकणार आणि किती सामन्यांत. पैसे लावायचा विषय इथे अजिबात नाही, एक रुपयाही नाही. ते ज्यांना करायचंय त्यांनी माझं चॅनेल बघू नये.

वही सुरू झाली ती २०१६ च्या फजितीमुळे. मी गोल्डन स्टेट वॉरियर्सचा चाहता. त्या वर्षी त्यांनी ८२ पैकी ७३ सामने जिंकले, तो विक्रमच होता. अंतिम मालिकेत क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सवर ३-१ अशी आघाडी. तोपर्यंत अंतिम मालिकेत ३-१ ने मागे पडलेला संघ कधीच जिंकला नव्हता. मी मित्रांना पार्टी जाहीर करून बसलो. पुढचे तिन्ही सामने वॉरियर्स हरले, सातवा तर ९३-८९ असा. लेब्रॉन जेम्सने अगदी शेवटी मागून धावत येऊन अडवलेला तो बॉल मला अजून दिसतो.

पण खरी गंमत नंतर झाली. आमच्या ग्रुपमधला एक जण सांगायला लागला, "मी तर आधीपासूनच क्लीव्हलँड म्हणत होतो." तो म्हणत नव्हता! आणि दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा लोकांना "मला पाचव्या सामन्यालाच शंका आली होती" असं सांगतोय. मलाही काही शंकाबिंका आली नव्हती. दुकानातही हेच होतं. माल खपला की "मला माहीतच होतं", आणि पडून राहिला की "मी नको म्हणत होतो, होलसेलरने गळ्यात मारला". त्या दिवसापासून लिहायला लागलो.

आधी फक्त संघाचं नाव लिहायचो. दोन-तीन वर्षांनी कळलं की त्याचा उपयोग नाही. आता प्रत्येक मालिकेपुढे तीन गोष्टी लिहितो : कोण जिंकणार, मला दहापैकी किती खात्री आहे आणि का. हा "का" लिहायला सगळ्यात जास्त कंटाळा येतो, पण शिकवतो तोच.

२०२५ चं पान घेऊ, कारण त्या वर्षी मी नीट लिहिलं होतं आणि छान तोंडावर आपटलोही होतो. प्रत्येक फेरी सुरू व्हायच्या आधी त्या फेरीचे अंदाज लिहिले. पहिल्या फेरीत आठपैकी सहा बरोबर. दुसरीत चारपैकी फक्त एक. मग दोनपैकी एक, आणि शेवटी ऑक्लाहोमा सिटी थंडर विजेते होणार हे बरोबर आलं. पंधरापैकी नऊ.

आता तुम्ही म्हणाल, नऊ म्हणजे साठ टक्के, फर्स्ट क्लास. पण पान नीट वाचलं की फर्स्ट क्लास उतरतो.

पहिल्या फेरीत मी लिहिलं होतं : वॉरियर्स ह्यूस्टन रॉकेट्सला पाच सामन्यांत हरवणार, खात्री ७, कारण स्टेफन करी. वॉरियर्स जिंकले. पण कसे? ३-१ ने पुढे असताना लागोपाठ दोन हरले, आणि ह्यूस्टनला जाऊन सातवा जिंकावा लागला. त्या सामन्यात तारलं कोणी, तर बडी हील्डने, ३३ गुण. माझ्या वहीत हील्डचं नावसुद्धा नाही. उत्तर बरोबर, गणित चूक. अशा बरोबर उत्तराने माणूस शेफारतो. मीही शेफारलो. पुढच्या फेरीत मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्जविरुद्ध परत वॉरियर्स, खात्री ७, कारण परत करी. पहिल्याच सामन्यात करीच्या मांडीचा स्नायू दुखावला. तो सामना जिंकला, पुढचे चारही हरले. दुखापत हे दुर्दैव, मान्य. पण ज्या संघाचा सगळा भार सदतिशीतल्या एका माणसावर आहे, त्याला दहापैकी सात देणं हे दुर्दैव नव्हतं. तो माझा निर्णय होता. ज्यांच्या दुकानात सगळे भाव एकाच जुन्या कामगाराला पाठ आहेत, त्यांनी हे वाक्य परत वाचा.

लेकर्सचंही तसंच. फेब्रुवारीत त्यांनी लुका डॉन्चिचला घेतलं, म्हणजे लुका आणि लेब्रॉन एका संघात. मी नावं बघून भाळलो, खात्री ७. पण लुकाच्या बदल्यात त्यांनी अँथनी डेव्हिससारखा उंच खेळाडू देऊन टाकला होता, आणि रिंगखाली उभं राहायला धड कोणी उरलं नव्हतं. चौथ्या सामन्यात तर प्रशिक्षकांनी पूर्ण दुसरा हाफ तेच पाच खेळाडू खेळवले. पाचव्या सामन्यात मिनेसोटाच्या रूडी गोबेरने २७ गुण आणि २४ रीबाउंड घेऊन मालिका संपवली. ४-१. हे मोकळं भोक सगळ्यांना दिसत होतं, मलाही. वहीत "का" च्या रकान्यात मी ते लिहिलंच नाही, कारण लिहिलं असतं तर सात आकडा टाकता आला नसता.

सगळ्यात महाग शिकवण इंडियाना पेसर्सची. दुसऱ्या फेरीत समोर क्लीव्हलँड, वर्षभरात ६४ विजय. पेसर्सचे ५०. मी क्लीव्हलँडला ८ दिले. पेसर्स ४-१ ने जिंकले. क्लीव्हलँडचे महत्त्वाचे खेळाडू सुरुवातीला जखमी होते हे खरं. पण मी जो ५० चा आकडा बघत होतो, त्याच्या पोटात काय होतं बघा : पेसर्सची सुरुवात १० विजय, १५ पराभव अशी झाली होती. त्यानंतर ४० विजय, १७ पराभव. म्हणजे मी ज्या संघाचा अंदाज करत होतो, तो संघ डिसेंबरपासून अस्तित्वातच नव्हता! वर्षाची सरासरी काढून आपण दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत भरतो. तुमच्या दुकानासमोर फ्लायओव्हरचं काम चालू होतं ते सहा महिने आणि रस्ता उघडल्यानंतरचे सहा महिने, यांची सरासरी काढून पुढच्या वर्षाचा माल ठरवू नका.

पेसर्स पुढे निक्सला हरवून अंतिम मालिकेत गेले आणि थंडरला सातव्या सामन्यापर्यंत खेचलं. निक्सविरुद्धही मी त्यांना नाकारलं होतं, खात्री ६. एकदा चुकल्यावर माणूस लगेच सुधारतो, असं काही नसतं.

बोस्टन सेल्टिक्सचा अंदाज मात्र मी वेगळ्या खणात ठेवतो. निक्सविरुद्ध त्यांना मी ९ दिले होते. वर्षभरात चारपैकी चारही सामने बोस्टनने जिंकलेले, आदल्या वर्षीचे विजेते, पहिले दोन सामने घरी. त्या दोन्ही घरच्या सामन्यांत बोस्टन वीस गुणांनी पुढे होतं आणि दोन्ही हरलं. पहिल्यात तर लांबून मारलेले साठपैकी पंचेचाळीस बॉल चुकले. चौथ्या सामन्यात टेटमच्या टाचेची शीर तुटली आणि विषय संपला. इथे माझी कारणं आजही मला बरोबर वाटतात. नऊ जरा जास्त होता, आठ चाललं असतं, पण संघ मी परत तोच निवडेन. खात्री दहापैकी आठ म्हणजे दहापैकी दोन वेळा उलटं होणारच. ते "दोन" कधीतरी येतात, तेव्हा आपलं सगळं ज्ञान फेकून द्यायचं नसतं.

आता हिशोब. पंधरा मालिकांना मी दिलेल्या खात्रीची बेरीज केली तर ११३ येते. म्हणजे माझ्याच म्हणण्यानुसार साधारण अकरा अंदाज बरोबर यायला हवे होते. आले नऊ. ८ किंवा ९ दिलेल्या सात मालिकांपैकी पाच बरोबर, ६ किंवा ७ दिलेल्या आठांपैकी चार. म्हणजे माझे सहा-सात हे खरं तर नाणेफेक आहेत. एका वर्षावरून फार मोठा निष्कर्ष काढायचा नाही, पण मागची पानंही हेच सांगतात. मी एक आकडा वरचा लावतो.

सगळे पंधरा बरोबर यावेत ही अपेक्षाही सोडा. प्रत्येक मालिकेत सत्तर टक्के बरोबर ठरणारा माणूस घेतला, तरी पंधराच्या पंधरा बरोबर यायची शक्यता दोनशे दहात एक. आणखी एक आकडेमोड मला फार आवडते. एक संघ प्रत्येक सामना साठ टक्के शक्यतेने जिंकतो असं धरा. सातच्या मालिकेत तो जिंकायची शक्यता ७१ टक्के येते, पाचच्या मालिकेत ६८. एनबीएची पहिली फेरी २००३ पर्यंत पाचचीच होती, ती त्या वर्षी सातची केली. सामने जास्त, तितका चांगला संघ वर यायची शक्यता जास्त. एका रविवारचा गल्ला बघून "हा आयटम चालतो" म्हणणारे एका सामन्यावरून विजेता ठरवतात.

आता माझ्या रेनकोटकडे येतो, कारण वहीपेक्षा तिथे जास्त दुखलं.

२०२३ च्या मे महिन्यात मी ४०० रेनकोट उधारीवर उचलले. खात्री किती, हा प्रश्नच स्वतःला विचारला नव्हता. जूनच्या मध्याला शाळा सुरू झाल्या, आकाश कोरडं. मुंबईत मान्सून पोहोचला २५ जूनला, नेहमीपेक्षा दोन आठवडे उशिरा. तोपर्यंत रस्त्यावर स्वस्त माल आला होता. सीझनभरात २५० विकले, १५० राहिले, आणि होलसेलरची तारीख काही पावसासाठी थांबत नाही. आईची एफडी मोडली. तिने एका शब्दाने विचारलं नाही, ते जास्त लागलं.

त्याच वर्षी प्लेऑफमध्ये काय झालं होतं? आठव्या क्रमांकाच्या मायामी हीटने पहिल्या क्रमांकाच्या मिलवॉकी बक्सला ४-१ ने घरी पाठवलं. त्या धक्क्याने मी २०२४ ला काय केलं, तर परत आठव्या क्रमांकावर आलेल्या हीटला बोस्टनविरुद्ध निवडलं. बोस्टन ४-१. सोळा संघांचे प्लेऑफ १९८४ ला सुरू झाले. तेव्हापासून २०२५ पर्यंत पहिला विरुद्ध आठवा अशा ८४ मालिका झाल्या, त्यातल्या सहाच आठव्याने जिंकल्यात : १९९४, १९९९, २००७, २०११, २०१२ आणि २०२३. साधारण चौदात एक. मला दिसत होती फक्त ताजी एक.

आणि रेनकोटचंही मी अगदी हेच केलं. २०२३ ला हात पोळला म्हणून २०२४ ला २०० मागवले, २०२५ ला पण २००. त्या वर्षी मान्सून मुंबईत २६ मे लाच आला, सोळा दिवस आधी. जूनच्या पहिल्या आठवड्यात माझा रॅक रिकामा. गिऱ्हाईक दारातून परत जातंय आणि होलसेलर म्हणतोय, "शेठ, माल नाही." रात्री जुनी बिलं काढली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ज्या वर्षी मी बुडालो असं म्हणतो, त्या वर्षीसुद्धा २५० विकले होते! आणि मी मागवत होतो दोनशे.

तेव्हापासून ऑर्डर वहीसारखीच लिहितो. पहिले २५० : सगळ्यात वाईट वर्षीही गेलेत, खात्री ९, एप्रिलमध्ये रोखीने घेतो, दोन टक्के सूटही मिळते. पुढचे १०० : खात्री ६, म्हणजे माझ्या सवयीप्रमाणे पाचच धरायचे, म्हणून फक्त टोकन देऊन होलसेलरकडे राखून ठेवतो, उचलायचे की नाही ते मे अखेरीला ठरवतो. टोकन बुडालं तरी चालेल एवढंच देतो. त्यावरचे मागवतच नाही. लागले तर भिवंडीतल्या दुसऱ्या एकाकडून महाग घेतो, मार्जिन निम्मं राहतं, पण गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जात नाही.

तुमचा धंदा राखीचा असो, फराळाचा असो की कुर्त्यांचा, येत्या सीझनची ऑर्डर फोनवर सांगायच्या आधी एका कागदावर आकडा, दहापैकी खात्री आणि कारण लिहा, खाली तारीख टाका. पेन्सिलने नको. मी पहिली दोन वर्षं पेन्सिलने लिहायचो आणि रबर हाताशीच असायचं.