सरावात दहा, स्पर्धेत आठ

प्रश्न : माझी मुलगी एअर पिस्तूल नेमबाज आहे. सरावात उत्तम खेळते, स्पर्धेत मात्र हात थरथरतो. तिला आणखी चेव आणावा का?

उत्तर : मुळीच नको! भारोत्तोलक बारला हात घालण्यापूर्वी मांड्या थोपटतो, ओरडतो. त्याला ते फळतं. नेमबाजाचं उलट. छाती धडधडली की ठोक्यागणिक पिस्तुलाची नळी हलते आणि दहाच्या रिंगणाऐवजी छर्रा आठात बसतो. यर्कीज आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८मध्ये उंदरांवर प्रयोग केले. काम जितकं अवघड, तितकी जास्तीची उत्तेजना लवकर नडते, असं त्यांना दिसलं.

ठोके मंदावणारी बीटा-ब्लॉकर औषधं नेमबाजीत निषिद्ध आहेत, ती याचमुळे. बीजिंग ऑलिम्पिक २००८मध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जोंग-सू याची दोन पदकं याच पायी गेली.

म्हणजे घाबरणं हा दोष का? नाही. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिम्पिक २०२४च्या अंतिम फेरीला फक्त काळा चहा पिऊन उतरला होता. पोटात गोळा आल्यामुळे काही खाल्लंच नव्हतं. तरी ४५१.४ गुण आणि कांस्यपदक!

मुलीने श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा. त्याने ठोके उतरतात. सरावातही गुण मोजून, मैत्रिणींना मागे उभं करून शेवटचे दहा नेम धरावेत. आणि पालकांनी? गुणफलकाकडे बघून कपाळाला हात लावू नये. तिला ते दिसतं.