नदीपलीकडचे तेरेखोल

नदी म्हणजे सीमा, असा माझा समज होता. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेस पैनगंगा काही अंतर तेलंगणाची सीमा झालेली आहेच. पण कोकणच्या नकाशात तेरेखोल नदीने तो समज मोडला. तिच्या मुखाशी दक्षिणेस गोवा, उत्तरेस सिंधुदुर्ग. आणि तरीही उत्तर तीरावरील तेरेखोल गाव व किल्ला गोव्याचे! सावंतवाडीकरांचा हा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ साली घेतला. १९६१ साली गोवा मुक्त झाला, पण जुनी रेघ पुसली गेली नाही. गावकऱ्यांना समोरच्या केरीस जायचे तर फेरीबोट, नाहीतर महाराष्ट्रातून वळसा. याच वेड्यावाकड्या भूगोलामुळे किल्ला स्वतंत्र भारताच्या भूमीला लागून होता. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रही त्यात शिरले व त्यांनी तिरंगा फडकविला.