सही करण्याआधी

चि. बाळ,



कंपनीला गुप्ततेच्या करारावर मिळालेलं चिपचं मॅन्युअल समोर ठेवून तू क्यूईएमयू या इम्युलेटरसाठी त्या चिपचं इम्युलेशन लिहिलंस. 'एक ओळही उतरवलेली नाही, कोड माझाच आहे,' म्हणतोस. ते मला पटतं. पण इथे प्रश्न उतरवण्याचा नाहीच. शब्द दिलाय तो माहितीबद्दल, आणि कुठल्या पत्त्यावर कुठलं रजिस्टर, त्यातला कुठला बिट काय करतो, हे इम्युलेटरच्या कोडमध्ये वाचणाऱ्याला सरळ दिसतं.

पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' लिहून नाव घालतोस ना? एससीओ कंपनीच्या खटल्यानं लिनक्समधला कोड कुठून आला हा प्रश्न ऐरणीवर आणला, तेव्हा 2004 साली लिनक्स कर्नलनं ती पद्धत सुरू केली. या परवान्याखाली हा कोड देण्याचा मला हक्क आहे, असं तू तिथे लिहून देतोस.

एक बिट घे. इंटरप्ट स्टेटसमध्ये 1 लिहिला की तो बिट पुसला जातो, हे लिनक्सच्या ड्रायव्हरवरून कळतं. तो आधार कॉमेंटमध्ये टाक, कुणी हरकत घेणार नाही. पण ज्या बिटला एकही ड्रायव्हर हात लावत नाही, तो तुझ्या कोडमध्ये नावासकट आला तर तपासणारा विचारणारच, हे कळलं कुठून? शिवाय मॅन्युअल झाकलेलं असेल तर तो तुझा कोड ताडून बघणार कशाशी?

फिनिक्सनं 1984 साली आयबीएमचं बायोस नव्यानं लिहिलं, तशी दोन गटांची युक्ती तुला सुचेल: एकानं वाचून वर्णन लिहायचं, दुसऱ्यानं फक्त त्यावरून कोड लिहायचा. ती इथे लागू नाही. बायोसचा कोड आयबीएमनं स्वतःच छापला होता, अडचण फक्त कॉपीराइटची होती. तुझ्याकडे माहितीच झाकलेली आहे. ती दुसऱ्याला सांगितलीस तरी करार मोडतोच.

करार आहे म्हणजे सगळं संपलं, असं मात्र नाही. 2007 साली लिनक्स कर्नलचे डेव्हलपर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कंपन्यांना जाहीर सांगितलं होतं, की हवा तर गुप्ततेचा करार करा, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहू, पण तो जीपीएल परवान्याखाली उघडा राहील. कागद झाकलेले, कोड उघडा, असं जमतं. आधी ठरलेलं हवं एवढंच. मॅनेजरचं तोंडी 'चालेल' धरून चालू नकोस. चिप ज्यांची आहे त्यांच्याकडून आणि तुझ्या कंपनीच्या कायदा विभागाकडून, दोन्हीकडून लेखी घे, आणि रजिस्टरांची नावं, कॉमेंट सगळं उघडं होणार, हे पत्रात स्पष्ट येऊ दे.

नाही म्हणाले, तर रास्पबेरी पायच्या बीसीएम 2835 सारखी चिप घे. तिच्या पेरिफेरल्सचं मॅन्युअल 2012 पासून उघड आहे. लेखी उत्तर हातात येईपर्यंत तुझी ब्रँच कुठेही ढकलू नकोस. कुणी क्लोन केली की ती परत घेता येत नाही.

तुझा काका