अर्धगोल मोती : शेततळ्यातील पीक व दागिन्यांतील त्याचे मोल

वारंगा फाटा हे हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील नाक्याचे ठिकाण होय. हिंगोली, नांदेड व यवतमाळ या तिन्ही बाजूंचे रस्ते येथे मिळतात. सोयाबीन, कापूस व हळद ही या टापूतील मुख्य पिके असून, २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना निघाल्यापासून शेततळ्यांकडे शेतकऱ्यांचे लक्ष विशेष वेधले गेले आहे. तळे झाले म्हणजे त्यात पाण्यावाचून आणखी काही पिकेल काय, असा विचार मनात येणे साहजिक आहे. मासे पाळण्याच्या जोडीला मोत्यांच्या शेतीचे नावही आता ऐकू येते. शेततळ्यात सर्वांत सुलभपणे निघणारा मोती पूर्ण गोल नसून अर्धगोल असतो. तो कसा तयार होतो, दागिन्यात त्यास स्थान कोणते आणि आपल्या भागातील शेतकऱ्याने त्याच्या नादी लागावे किंवा नाही, या तीन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

अर्धगोल मोती म्हणजे काय

शिंपल्याच्या आत, कवचाला लागून, प्रावार नावाचा मऊ पडदा असतो. कवचाच्या आतील चकचकीत अस्तर हा पडदाच तयार करितो. कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म पापुद्रे व त्यांना सांधणारे सेंद्रिय द्रव्य यांचे थर एकावर एक बसत जातात. यासच आपण मौक्तिक थर म्हणू. या पातळ थरांतून प्रकाश परावर्तित होताना जे रंग उमटतात, तेच मोत्याचे पाणी. पडदा व कवच यांच्यामध्ये एखादे बीज ठेवले, तर प्राणी त्यावरही हाच थर चढवितो. मात्र बीजाची एक बाजू कवचास चिकटलेली असल्यामुळे थर फक्त उघड्या बाजूवर बसतो आणि घुमटाच्या आकाराचा मोती तयार होतो. तेव्हा हा मोती काचेचा किंवा मेणाचा नकली मोती नव्हे. त्याचा थर खरा असतो; मनुष्याने फक्त बीज पुरविलेले असते. म्हणून त्यास संवर्धित मोती म्हणतात.

ही युक्ती जुनी आहे. चीनमध्ये तेराव्या शतकापासून गोड्या पाण्यातील शिंपल्यांत बुद्धाच्या लहान मूर्ती ठेवून त्यांवर मौक्तिक थर चढवीत असत. आधुनिक धंद्याचा पाया मात्र जपानात पडला. कोकिची मिकिमोतो यांना १८९३ साली तोबा येथील आपल्या शिंपल्यांत अर्धगोल मोती मिळाले. १८९६ साली त्यांनी त्या पद्धतीचे एकस्व मिळविले व १८९९ साली तोक्योच्या गिंझा भागात दुकान उघडले. पूर्ण गोल संवर्धित मोती बाजारात येण्यापूर्वी काही वर्षे हे दुकान अर्ध्या मोत्यांवरच चालले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्या देशात तुतिकोरिन येथे १९७३ साली समुद्रातील शिंपल्यांपासून गोल मोती काढण्यात यश आले. गोड्या पाण्यातील पद्धत पुढे भुवनेश्वरजवळील कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने बसविली.

दागिन्यातील स्थान

मोत्यांचा शौक मराठी घरास नवा नाही. नथ, तन्मणी, चिंचपेटी, बुगडी व कुडी ही नावे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहेत. परंतु यांपैकी पुष्कळ दागिन्यांत मोती ओवावा लागतो. नथीतील मोती सोन्याच्या तारेत बसतो; तन्मण्याचे सर दोऱ्यात गुंफलेले असतात. तेथे मोती सर्व बाजूंनी दिसतो, म्हणून तो गोल व वेज पाडता येण्याजोगा असावा लागतो. अर्धगोल मोत्याचे येथे काम नाही.

त्याचे काम कोंदणात आहे. अंगठी, पदक, कर्णफूल, साडीवर लावावयाची पिन अशा ठिकाणी मोत्याची एकच बाजू दिसते व दुसरी धातूत दडते. सपाट तळामुळे तो घरात घट्ट बसतो, बोटावर वा कानावर उंच येत नाही आणि त्याच्या घुमटावर प्रकाश मोकळा पसरतो. शिवाय त्याच आकाराचा गोल मोती घ्यावयाचा तर फार मोठी किंमत मोजावी लागते. अर्धगोल मोती मोठा दिसूनही स्वस्त पडतो. मोठ्या आकाराची हौस व बेताची थैली यांचा मेळ तो घालतो. त्याच्या आवडीचे खरे कारण हेच होय.

या जातीत नावाजलेला मोती म्हणजे माबे. तो प्टेरिया पेंग्विन या समुद्रातील शिंपल्यात होतो. पक्व झाल्यावर तो कवचातून कापून काढितात, आतील बीज काढून पोकळी राळेने भरितात आणि मागे शिंपल्याची चकती बसवून कडा घासतात. सारांश, तो जोडकामाचा मोती असतो. त्यामुळे तो पाण्यात भिजत ठेवू नये, त्यास अत्तर, आंबट पदार्थ वा उष्णता लागू देऊ नये. एरवी सांधा सुटतो. गोड्या पाण्यातील अर्धा मोती हा माबे नव्हे. तो त्या नावाने विकणे म्हणजे गिऱ्हाईकास फसविणे होय. त्याची स्वतःची शोभा निराळी आहे: गणपती, स्वस्तिक, फूल यांसारखे साचे बीज म्हणून वापरून आकृतिमोती काढता येतात आणि पदकासाठी त्यांस मागणी असते.

तळ्यातील कृती

लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस ही शिंपल्याची जात या कामी मुख्यत्वे वापरतात. आठ ते दहा सेंटिमीटर लांबीचे निरोगी शिंपले निवडून, दर शिंपल्यास एक लिटर या प्रमाणात पाणी घेऊन त्यात दोन-तीन दिवस दाटीने ठेवितात. त्यायोगे त्यांचे स्नायू सैल पडतात. नंतर दोन्ही झडपा अलगद थोड्या उघडून, पुढील बाजूचा प्रावार कवचापासून किंचित सुटा करून, चार ते सहा मिलिमीटरचा मणी अथवा साचा आत सरकवितात. आकृतीचा दर्शनी भाग प्रावाराकडे राहिला पाहिजे. साचे शिंपल्यांच्याच भुकटीपासून करितात. मोत्यांच्या तिन्ही प्रचलित पद्धतींत ही सर्वांत सोपी असून प्राण्यास इजाही कमी होते.

शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा दिवस शिंपले निगराणीत ठेवून मेलेले व बीज टाकून दिलेले वेगळे करावेत. उरलेले नायलॉनच्या जाळीदार पिशव्यांत, दर पिशवीत दोन याप्रमाणे घालून, बांबू वा नळीला बांधून सुमारे एक मीटर खोलीवर टांगावेत. हेक्टरी वीस ते तीस हजार शिंपले हे प्रमाण सांगितले जाते. त्या हिशेबाने तीस मीटर लांब-रुंद शेततळ्यात, म्हणजे नऊ गुंठ्यांच्या पृष्ठभागात, १,८०० ते २,७०० शिंपल्यांहून अधिक घालू नयेत. पिशव्या वेळोवेळी धुवाव्यात व मेलेले शिंपले ताबडतोब काढावेत. शिंपला पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पती खातो; म्हणून पाण्यात हिरवट झाक राहील इतपत शेणखत द्यावे. प्लास्टिक अंथरलेल्या नव्या तळ्यात हे खाद्य आपोआप तयार होईल, असे धरून चालू नये.

खरी अडचण कोठे आहे

मोती तयार होण्यास बारा ते अठरा महिने लागतात. म्हणजे शिंपल्यांना निदान एक उन्हाळा पाण्यात काढणे प्राप्त आहे. आपल्याकडे चैत्र-वैशाखात ऊन चाळिसाच्या वर जाते. नेमके तेव्हाच हळदीची काढणी संपून तळ्याचा तळ दिसू लागतो. पाणी उतरले की ते तापते, त्यातील प्राणवायू घटतो व शिंपले मरतात. काही शेतकरी अशा वेळी घाईने मोती काढून विकू पाहतात. हा तोट्याचाच व्यवहार होय. कारण अर्धगोल मोत्याची किंमत घुमटाच्या उंचीत नसून वरील थराच्या जाडीत असते. उंची तर बीजानेच मिळते. पातळ थराखालचा साचा डोकावू लागला की सराफ तो मोती बाजूला सारतो. हळद कच्ची काढली तर ती शिजवून व पॉलिश करूनही वजन भरत नाही. हाही तसाच प्रकार समजावा.

दुसरी गोष्ट फवारणीची. तांबेयुक्त बुरशीनाशके शिंपल्यास अत्यंत घातक आहेत. ज्या तळ्यात शेताचे वाहते पाणी उतरते किंवा ज्याच्या काठी फवारणीचे पंप धुतले जातात, तेथे हा धंदा करू नये. तिसरी गोष्ट बियाण्याची. शिंपल्याची पिल्ले काही दिवस माशांच्या अंगास चिकटून वाढतात. नदीतील मासे व शिंपले दोन्ही उपसले तर पुढील पिढीच राहणार नाही. तेव्हा कयाधू वा पैनगंगेचे पात्र खरवडून धंदा उभारणे हे मुदलास हात घालण्यासारखे आहे.

हिशेब मांडण्याची रीत

उदाहरणादाखल समजा, एक हजार शिंपल्यांत प्रत्येकी दोन साचे घातले व चौथा हिस्सा शिंपले मेले. उरले साडेसातशे व मोती पंधराशे. त्यांतील निम्मे डागी वा वाकडे निघाले, असे धरा. विकण्याजोगे साडेसातशेच उरले. आता शिंपले, साचे, पिशव्या, मजुरी व दीड वर्षाचे पाणी यांचा सर्व खर्च या साडेसातशेंवर बसवावा आणि जो आकडा येईल, तेवढा भाव कोण देणार, हे सराफास विचारावे. हैदराबादचा पत्थरगट्टी बाजार मोत्यांसाठी प्रसिद्ध असून नांदेड-देगलूर मार्गे तिकडे जाता येते. तेथे नमुना दाखवून भाव कळल्यावर मग तळ्यात शिंपला टाकावा.

काही मंडळी शिंपले महाग विकून, तयार माल आम्हीच घेऊ, अशी हमी देतात. मोती होण्यापूर्वीच ज्याचा नफा पदरात पडला, त्याच्या हमीस किती वजन द्यावे, हे सुज्ञांस सांगणे नलगे. करार लेखी असावा, त्यात थराची जाडी, प्रत व भाव स्पष्ट असावेत आणि शिक्षण प्रथम सरकारी संस्थेत घ्यावे.

असो. ज्याच्या तळ्यात ज्येष्ठापर्यंत दोन मीटर पाणी टिकते, ज्यास दीड वर्ष वाट पाहणे परवडते व ज्याने गिऱ्हाईक आधी पाहिले आहे, त्याने शंभर शिंपल्यांवर प्रयोग अवश्य करावा. ज्याचे हे तीनही जमत नाही, त्याने तळ्याचे पाणी हळदीसच द्यावे. कर्ज काढून मोती पिकविण्याचा सल्ला आम्ही कोणासही देणार नाही.